फोनातली माय

पिंपळगाव रेणुकाई
७ जुलै २०२५

चि. ........ साधना हिला मामीचे पोटभर आशीर्वाद.

आधी सगळ्यांची खुशाली विचारते, मंग बाकीचं. तुझा खोकला गेला का? गेलीस तेव्हा छातीत घरघर होती. अडुळशाचा काढा घेतेस, की आईपुढं नुसतं हो-हो म्हणून मोरीत ओततेस? तुझ्या आईचा, द्वारकाबाईंचा, गुडघा कसा आहे? त्यांना म्हणावं, जिना चढताना आधी चांगला पाय वर टाका, दुखऱ्याला मागून येऊ द्या. तुझ्या वडलांची साखर किती असते आता? चहात गूळ घातला की साखर वाढत नाही, असं ते मागं मला समजावत होते. त्यांना कुणीतरी समजवा. तुझ्या भावाच्या, सूरजच्या, दाढेचं काय झालं? आणि तुमची ती एका शिंगाची शेळी व्याली का?

इकडं तुझे मामा बरे आहेत. म्हणजे जेवतात, रानात जातात, परत येतात. बोलत नाहीत, पण ते आजारात धरायचं की नाही हे तूच ठरव. म्हैस आटली. मिरचीला फूल चांगलं धरलंय. दुकानवाल्या मोनाची सासू सुगनबाई ओट्यावरून घसरली. एक हात गळ्यात बांधून गल्ल्यावर बसते आणि दुसऱ्या हातानं गिऱ्हाइकाला दटावते. मी बरी आहे.

फोन लावते तर तू उचलत नाहीस. तक्रार म्हणून नाही लिहीत. वाजणाऱ्या फोनाकडं बघत बसणं किती जड असतं ते मला माहीत आहे. कागद बरा. दारात येऊन गप पडून राहतो, हाका मारत नाही.

तुझा निरोप मोनाच्या फोनवर आला. मी ओसरीत मिरच्या निवडत होते. मोना दुकानातून पळतच आली. "मावशी, साधनाचा मेसेज आलाय, ऐका." आणि तिनं वाचलं, "मामींना सांग, मला त्या घरातलं बाकी काही नको. तेवढी माय पाहिजे."

डोळे भरले. मिरचीच्या हातानं पुसले, मंग काय विचारतेस, धाराच लागल्या. मी म्हटलं, "तिला लिही, आत्ताच्या गाडीनं निघाले म्हणावं. पिशवी भरते." मोना हळूच म्हणाली, "मावशी, तुम्ही न्हाई. फोनातली माय. माऊली भाऊंच्या खेळातली."

हसले ग मी. खरंच हसले. सुगनबाईंनी पलीकडून विचारलं, "क्या हुआ रे, कोण हसून राह्यलं?" या घरातून हसण्याचा आवाज आला की लोक आता विचारतात.

माऊलीचा फोन मी रोज चार्जिंगला लावते. देवापुढं दिवा, तसा हा. पण उघडला कधी नव्हता. मोनानं ती तुमची 'झुंज' उघडून दिली. सहा जनावरं रांगेनं उभी, आणि सगळ्यात पुढं माय. दगडासारखी पाठ, आखूड पाय, म्हशीची मान. त्यानं तिला माझं नाव ठेवलं तेव्हा मी रुसले होते, आठवतं? "एवढं बेढब जनावर घावलं व्हय रे माझ्या नावाला?" तर म्हणाला, "माय, बाकीचे मारतेत. ही सोसती. ही पुढं हाय म्हणून बाकीच्यांचं चालतं." तू शेंगा फोडत बसली होतीस. तू म्हणालीस, "मामी, नशीब समजा, मला त्यांनी मिरची केलंय." खरंच, तुझी ती लवंगी सगळ्यात बारीक आणि सगळ्यात आधी उडी मारणारी.

मोना म्हणते, एका फोनातलं जनावर दुसऱ्यात द्यायचं तर दोन्ही फोन शेजारी ठेवावे लागतात. आणि जालन्याची जोडीची स्पर्धा दिवाळी झाल्यावर आहे, तू सूरजला जोडीदार घेऊन नाव दिलंयस. बराबर केलंस. नाव दिलंस हे ऐकून मला भाकरी गोड लागली.

तर तोवर मी या जनावरांची निगा राखते. तू ये आणि माय घेऊन जा. दुपारी मामा रानात असतात. कधी येतेस ते लिही.

तुझी
मामी

पिंपळगाव रेणुकाई
३ ऑगस्ट २०२५

चि. ........ साधनास आशीर्वाद.

उत्तर आलं नाही. पोस्टमन म्हणतो, पत्र पोचलं असणार, अंबड काही विलायत नाही. द्वारकाबाईंचा गुडघा, वडलांची साखर, सूरजची दाढ, सगळं पुन्हा एकदा विचारलं असं समज.

मी झुंज शिकून राह्यले. हसू नको. माऊली पहिलीत होता तेव्हा त्याच्या पाटीवर मी अक्षरं शिकले; आता त्याच्याच फोनवर हे शिकते. बांधून ठेवलेलं जनावर बिघडतं, म्हणून सरावाच्या लढती खेळते. आधी मी फार शहाणपणा केला. म्हटलं, सोसणारी आणि औषधपाणी करणारी कशाला, सगळे मारकेच घेऊ. सहाच्या सहा मारके उभे केले. पहिल्याच लढतीत असे आडवे झाले जसं गारपिटीत मक्याचं रान. मोना म्हणाली, "मावशी, सगळेच कर्ते झाले तर चूल कोण पेटवणार?" तिला काय, तिच्या घरात चार जावा आहेत, टीम कशी बांधतात ते तिला जन्मापासून ठाऊक.

मंग मी शेतावरून विचार केला. कपाशीत नुसती कपाशी लावली तर अळी एकदा आली की सगळं रान जातं, म्हणून मधूनमधून तुरीचं तास धरायचं. इथंही तसंच आहे. आगीला पाणी मारतं, पाण्याला वीज मारते, वीज मातीत जिरते. मोनानं मला तुझी टीम दाखवली. तुझ्याकडं पाण्याची दोन आहेत, ती दोघंही विजेला भितात. कुणी वीजवाला समोर आला तर तुझं अर्धं घर बसलं. माय मातीची आहे. ती पुढं असली की वीज तिच्यातच मुरते. तू तिलाच का मागितलीस ते मला आता कळलं.

आणि दुसरंही कळलं. जोडीच्या लढतीत दोन जनावरं एकदम उतरतात. आपल्याकडं म्हणतात ना, तापट बैलाला थंड जोड बघावी. माऊलीनं मायशेजारी नेहमी आबाला उतरवलं आहे. बापाचं नाव दिलेलं ते रेड्यासारखं जनावर. त्याला एकच मोठा मार येतो. समोरचा कोणी असो, उभा राहत नाही. पण तो मार मारला की पुढची पूर्ण पाळी आबा नुसता बसतो. मान खाली. कुणी मारलं तरी हलत नाही, उत्तर देत नाही. त्या पाळीला माय पुढं सरकते आणि त्याच्या वाटचं सगळं आपल्या पाठीवर घेते.

मी हे पहिल्यांदा बघितलं आणि फोन बाजूला ठेवला. पोरगं आपल्या घरात बसून काय काय बघत होतं!

तेराव्याला तुझे मामा जे बोलले, "त्या खेळानंच खाल्लं माझं लेकरू, अन् खेळ घरात आणला कुणी?" ते मी झाकत नाही. माऊली त्या रविवारी जालन्याला खेळायलाच गेल्ता, परत येताना राजूरच्या पुढं बिनलाइटची ट्रॉली आडवी आली, यात खेळाचा काय दोष आणि तुझा काय? मी तिथंच म्हटलं, "गप ऱ्हावा." पण तोवर तू आत जाऊन पिशवी भरायला घेतली होतीस. माझा शब्द तुझ्या पाठीमागं पडला.

तेव्हापासून हा माणूस बसलेलाच आहे. एक मार मारला आणि बसला.

एक सांगू? मी त्या सहांत माऊलीचं नाव शोधलं. लवंगी आहे, माय आहे, आबा आहे, औषध करणारी साखरी आहे, मोनाच्या सासूवरून ठेवलेली ओरडणारी सुगनी आहे, धुकं सोडणारा भुरका आहे. स्वतःचं नाव त्यानं कुणालाच दिलं नाही.

पोळा जवळ आला. आलीस तर पुरणाच्या पोळ्या मिळतील. न येता पाठवता येत नाहीत त्या.

तुझी
मामी

पिंपळगाव रेणुकाई
२२ ऑगस्ट २०२५, पोळा

चि. ........ साधना,

आज मन जरा हलकं आहे म्हणून लिहिते. तुम्ही सगळे बरे असाल असं धरून चालते.

आपले बैल गेल्या साली विकले ते तुला माहीत आहे. यंदा कुंभाराकडून मातीची जोडी आणली. काल खांदेमळणीला बाहेर सगळ्यांच्या दारी बैलांच्या खांद्याला तूपहळद चाललेली, आणि मी मातीच्या बैलांपुढं बसलेली. मंग मला सुचलं. फोन आणला, पाटावर ठेवला, आणि सहांनाही म्हटलं, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." मामा दारातून बघत होते. त्यांना वाटलं असेल, बाईचं डोकं गेलं.

आज नैवेद्य दाखवला. पुरणाची पोळी फोनासमोर फिरवली, काचेला तूप लागलं ते पदरानं पुसलं. मंग एकेकाला उघडून बघितलं. मायच्या चित्राखाली चार बटणं आहेत. खाऊ, सराव, नाव बदला, सोडा. मराठीत लिहिलंय, लिहिणारा कुणीतरी आपल्यातलाच दिसतो. 'सोडा' मी कधी दाबलं नव्हतं. पण वर्षभर ओझं वाहणाऱ्याच्या खांद्याला आजच्या दिवशी जू लावायचं नसतं, खुंट्याला बांधूनही ठेवायचं नसतं. आणि हिच्याइतकं ओझं त्या सहांत कुणी वाहिलंय? मी दाबलं. खाली इंग्रजीत काहीतरी दोन ओळी आल्या आणि त्याखाली 'हो' आणि 'नाही'. पोळ्याच्या दिवशी नाही कोण म्हणतं?

काय छान दाखवलंय ग! माय वळली. एकदा मागं बघितलं. मंग डोंगराच्या वाटेनं हळूहळू चालत गेली, पाठ डुलवत, आपली म्हैस जाते तशी. मी पार दिसेनाशी होईतो बघत होते. बाकीच्या पाचांना नाही सोडलं. सगळी एकदम सुटली तर राखायला कोण जाणार?

आता पोळ्या तव्यावर आहेत. दिवेलागणीला येईल ती. आली की तिचं पोट भरलंय का बघते आणि मंगच हे पाकीट चिकटवते.

ता. क. दिवे लागले. अजून आली नाही. पहिल्यांदाच सुटली, लांब गेली असेल. सकाळी बघते.

तुझी
मामी

पिंपळगाव रेणुकाई
४ सप्टेंबर २०२५

चि. ........ साधना,

आज खुशाली विचारायला तोंड नाही.

तुला कळलंच असेल. माझं मागचं पत्र वाचताना तू कपाळाला हात लावला असशील. मी मात्र रोज उठून फोन उघडत होते. वाटायचं, आज येईल. पावसानं ओढे भरले होते, तर वाटायचं, पलीकडं अडकली असेल. मोना राजस्थानात माहेरी गेली होती. ती आल्यावर मी विचारलं, "अगं, जनावर चरायला सोडलं तर किती दिसानं येतं?" तिचा चेहरा उतरला. तिनं दुसऱ्या एका बारक्या जनावरावर तेच बटण दाबलं आणि इंग्रजीतल्या ओळी मला मराठीत वाचून दाखवल्या. 'हे जनावर कायमचं जाईल. परत येणार नाही. तरीही सोडायचं?' आणि तिनं 'नाही' दाबलं.

एवढं सोपं होतं.

मोनानं कंपनीला लिहिलं, अगदी हात जोडून लिहिलं. उत्तर आलं. सोडलेलं जनावर परत देता येत नाही, आम्हाला वाईट वाटतं. वाईट वाटतं हे त्यांनी मराठीत लिहिलं होतं. दोन ओळी आधी लिहिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आपल्याकडं सोडलं म्हणजे काय ग? सकाळी सोडायचं, संध्याकाळी बांधायचं. सोडलेलं येतंच. गाय येते, म्हैस येते, शेळी तर आधीच दारात उभी. जन्मभर मी हाच शब्द असा वापरला. याला दुसराही अर्थ आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि तू पिशवी घेऊन गेलीस तेव्हाही मला समजलं नव्हतं. मला वाटलं, चार दिवस माहेरी जाईल, येईल.

तू एकच गोष्ट मागितली होतीस. ती मी माझ्या हातानं घालवली.

आबाचे हाल बघवत नाहीत. तो आपला मार मारतो आणि सवयीनं बसतो. पुढं कुणी नाही. समोरचे दोघं मिळून त्याला आडवा करतात आणि तो मान खाली घालून घेत राहतो. त्या वेळी मी फोन पालथा घालते.

महालक्ष्म्यांना अंबडहून दुर्गाबाई आल्या होत्या, तुझ्या मामांच्या बहीण. जेवताना म्हणाल्या, "वैनी, एक कानावर घालते. साधनाला बघायला परतूरचे पाव्हणे आल्ते. मागच्या आईतवारी. पोरगा बिजवर हाय, पर निर्व्यसनी हाय म्हणतेत. शाळेत शिपाई हाय."

मी म्हटलं, "आमटी वाढू का?"

"आमटी नको. काय म्हणते तू?"

"चांगलं हाय की."

आणि मी पुरण बघायला आत गेले. पुरण केव्हाच झालं होतं.

दुर्गाबाई म्हणतात, तू अजून हो म्हटलेलं नाहीस. त्यांच्या मते तू आमच्याकडं बघून थांबलीस. मला माहीत नाही. तू लिहीत नाहीस.

आज एवढंच.

मामी

पिंपळगाव रेणुकाई
१२ ऑक्टोबर २०२५

चि. ........ साधनास मामीचे आशीर्वाद.

यंदा भादव्यानं कपाशी झोडपली, बोंडं काळी पडली, मका तेवढा हाती लागला. त्यामुळं मध्ये लिहायला जमलं नाही. हे खोटं आहे. जमलं असतं. काय लिहावं ते सापडत नव्हतं.

द्वारकाबाईंचा गुडघा बरा आहे, ते दुर्गाबाईंकडून कळलं. शेळीला दोन पिल्लं झाली तेही कळलं. तुझ्या खोकल्याचं कुणी सांगत नाही. तेवढं लिही.

महिनाभर मी मायसारखी दुसरी शोधली. तशाच रूपाची दोन घावली. पण एक भित्री निघाली, मागं मागं सरायची. दुसरीला सोसता यायचं पण आबाची चाल तिला कळायची नाही. तो बसला की ही भलतीकडंच उभी. परवा दुपारी ओसरीत बसून हेच चाललं होतं, तर तुझे मामा रानातून आले, हातपाय धुतले, आणि माऊली गेला त्या फाल्गुनापासून पहिल्यांदा स्वतःहून बोलले.

"काय शोधून राह्यलीस एवढं?"

"मायसारखी दुसरी."

ते खाटेवर टेकले. म्हणाले, "जोडीतला बैल गेला की तसाच बैल बाजारात मिळत न्हाई. मिळला असं वाटतं, पर मिळत न्हाई. मंग राह्यलेल्यावर सगळा भार टाकून चालतंय का? वखर हलका करावा लागतो."

मी म्हटलं, "हा खेळ हाय, इथं कुठला वखर?"

"मला काय विचारती? मला कुठं येतो तुमचा खेळ." मंग माझ्याकडं सरकून, "त्यातला आबा कोणता?"

मी दाखवला. लढत लावली. आबानं आपला मार मारला, समोरचा कोसळला, मामांनी मान डोलावली. मंग आबा बसला.

"हा का बसला?"

"त्याचं तसंच हाय. एकदा मारलं की पुढच्या पाळीला त्याला काहीच करता येत न्हाई."

"कुणी मारलं तरी?"

"तरी."

फोन हातात घेऊन बघितला. "मुद्दाम ठेवलं व्हय माझं नाव त्यानं?"

"मुद्दामच."

हसले, साधना. त्यांचं ते नाकातल्या नाकात हसणं, तू नक्कल करायचीस ते. आणि हसता हसताच खांद्यावरचा टॉवेल तोंडाला लावला आणि तसेच परत रानाकडं गेले. जेवले पण नाहीत.

वखर हलका करायचं ते माझ्या डोक्यात राहिलं. प्रत्येक जनावराला चारच डाव ठेवता येतात. माऊलीनं लवंगीला चारही मारायचे दिले होते, कारण पुढं माय होती. मी पाचांकडूनही एकेक मारायचा डाव काढून घेतला आणि 'आडोसा' शिकवला. म्हणजे वेळेला दुसऱ्याच्या पुढं उभं राहणं. लवंगीनंसुद्धा. एवढीशी पोर, एकच फटका सोसते, पण आबा बसतो त्या पाळीला तिचा तो एक फटका पुरतो. पुढच्याला साखरी, त्याच्या पुढच्याला भुरका. आता मायसारखं सगळं सोसणारं कुणी नाही. सगळे थोडं थोडं सोसतात. मोना म्हणते, ही टीम बसली, हिच्यात जीव आहे. काल सरावात जिंकलो. फार मोठं नाही, पण शेवटी आबा उभा होता.

सहावी जागा मी रिकामी ठेवली आहे. पाचांवर चालतं, पण भरलेली बरी. तिथं कुणाला घ्यायचं ते तूच ठरव. जो येईल त्याला त्याचं स्वतःचं नाव दे. मायचं नको लावूस, त्याला आयुष्यभर जड जाईल.

फोन पाठवते आहे. एकेक जनावर काय देत बसायचं, आख्खी दावणच घे. चार्जर पिशवीत आहे, त्याची वायर जरा डावीकडं वाकडी धरावी लागते, नाहीतर चार्ज होत नाही. फोटो मी बघून घेतले सगळे. तुमच्या लग्नातला, ज्यात तो डोळे मिटून उभा आहे, तो मोनानं मला कागदावर काढून दिलाय. देव्हाऱ्यात दिवा लावताना एक दिवा कमी होईल, इतकंच.

आता परतूरच्या पाव्हण्यांचं.

सोडायच्या बटणाखाली काय लिहिलेलं असतं ते आता मला माहीत आहे. परत येणार नाही, तरीही सोडायचं? पोळ्याला मी न वाचता हो म्हटलं. आज वाचून म्हणते. तू कुणाची वाट अडवून बसू नकोस, आणि आमची तर बिलकुल नको. माणूस चांगला असला, तुला हसवणारा असला, तर हो म्हण. खेळू देतो का ते मात्र आधी विचार. प्रत्येक पत्राच्या वर 'चि.' लिहून मी पुढं जागा सोडत आले. पूर्वी तिथं 'सौ.' असायचं. ती जागा भरली की मला कळव, मी पुढच्या पत्रात बरोबर लिहीन. नाही भरलीस तरी तुझी मर्जी. जागा तुझी आहे.

हे पत्र आणि पिशवी घेऊन आलेला माणूस आत्ता तुझ्या दारात उभा असेल. मी म्हटलं, मी येते संगं. तर म्हणाले, "नको. मी बोललो होतो, मीच जातो." तिथं येऊन ते काही बोलतील असं समजू नकोस. बोलायला जमणार नाही त्यांना. टॉवेलाशी चाळा करतील आणि शेळीच्या पिल्लांकडं बघत बसतील. त्यांची ही बसायची पाळी अजून संपलेली नाही, आणि आज पुढं उभी राहायला मी तिथं नाही. सूरज रागावेल, त्याचा हक्क आहे. पण साधना, एवढी एक पाळी तू त्यांच्या पुढं उभी राहा. पाणी दे, झालं. चहात साखर एकच चमचा.

परतीची गाडी साडेपाचला आहे. तोवर दोन ओळी लिहून त्यांच्याच हाती दे. दोनच पुरेत. खोकल्याची एक, आणि दुसरी तुला वाटेल ती. आजच लिही ग. त्यांना वाट बघायची सवय नाही. मला आहे, पण आता पुरे वाटते.

तुझी
माय